न खरवडता मोजलेला मुलामा

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं. युद्धाच्या इतिहासात ही तारीख ब्रिटिश साम्राज्याच्या नामुष्कीची म्हणून सांगितली जाते. पोलादाच्या आणि डबे बनवणाऱ्या कारखान्यांना मात्र त्या दिवसाने वेगळाच घोर लावला. मलाया गेला, पुढच्याच महिन्यात डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, गेला आणि जगाला कथील पुरवणारा सगळ्यात मोठा पट्टा जपानच्या ताब्यात आला. कथलाचा सर्वांत मोठा ग्राहक होता अमेरिका, आणि तिच्या स्वतःच्या जमिनीत कथील जवळजवळ नव्हतंच. बोलिव्हियाचं खनिज गाळण्यासाठी टेक्सास सिटीला घाईघाईने भट्टी उभारली गेली, ती १९४२मध्येच पेटली. बिअर आणि कुत्र्यांचं खाणं डब्यात भरायला सरकारने मनाई केली. रिकामे डबे धुऊन, दोन्ही तळ कापून, पायाखाली चपटे करून परत द्या, असं घरोघरी सांगितलं जाऊ लागलं.

डबा कथलाचा म्हटला तरी असतो तो पोलादाचा. कथलाचा नुसता मुलामा. पितळेच्या पातेल्याला आपल्याकडे कल्हई करतात तीच ही कल्पना, फक्त कारखान्याच्या मापाने. जुनी रीत अशी होती की पत्रा एकेक करून वितळलेल्या कथलात बुडवायचा आणि पाम तेलात ठेवलेल्या रुळांमधून वर काढायचा. जास्तीचं कथील रुळांनी निपटलं जाई. जमशेदपूरच्या गोलमुरीत टिनप्लेट कंपनी ऑफ इंडियाचा कारखाना १९२२मध्ये सुरू झाला तो याच रीतीने, आणि मुख्यतः बर्मा ऑइलच्या रॉकेलच्या डब्यांसाठी. रॉकेल संपल्यावर तो चौकोनी डबा किती घरांत आधी धान्याला, मग पाण्याला आणि शेवटी फाडून छपराला लागला, हे जुन्या पिढीला सांगायला नको.

धंद्यातलं माप होतं ‘बेस बॉक्स’, म्हणजे १४ बाय २० इंचांचे ११२ पत्रे. एवढ्या पत्र्यांच्या दोन्ही बाजूंवर मिळून किती पौंड कथील चढलं, त्यावरून मालाचा दर्जा ठरे. बुडवून काढलेल्या पत्र्यांवर ते साधारण सव्वा ते दीड पौंड बसे. त्याहून फार खाली यायचं म्हटलं तर रूळ दाद देत नसत. विजेने कथील चढवण्याची रीत युद्धाच्या थोडी आधी अमेरिकेत, इंडियानातल्या गॅरीच्या कारखान्यात, रुजू लागली होती. सिंगापूर पडलं आणि ‘करून तर बघू’ या पायरीवर असलेली ही रीत सक्तीची झाली. विजेच्या कुंडातून पत्र्याचा अखंड पट्टा पळवला की अर्ध्या पौंडात काम भागायचं, पुढे पाव पौंडातही भागू लागलं. पाव पौंडाचा मेट्रिक हिशेब केला तर दर बाजूला चौरस मीटरमागे २.८ ग्रॅम कथील पडतं. त्याची जाडी मिलिमीटरच्या अडीच हजाराव्या भागाइतकी भरते. कुंडातून निघालेला पट्टा राखाडी, मातकट दिसे. म्हणून तो क्षणभर २३२ अंशांच्या वर, कथलाच्या वितळबिंदूपलीकडे, तापवत आणि लगेच पाण्यात निववत. तेवढ्यात तो आरशासारखा चमकू लागे.

या कथेचं श्रेय सहसा विजेच्या कुंडाला दिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. थर पातळ लावता येणं ही निम्मी गोष्ट झाली. तो खरोखर तेवढाच लागला आहे आणि पट्टाभर सारखा लागला आहे, हे पट्टा पळत असतानाच कळणं ही उरलेली निम्मी. दीड पौंडाच्या मुलाम्यात थोडंफार कमी-जास्त झालं तर खपून जाई. पाव पौंडात तेवढाच फरक पडला की डब्यातला टोमॅटो थेट लोखंडाला भिडणार. पातळपणा परवडायचा असेल तर मोजमाप आधी सुधारायला हवं होतं.

तेव्हाचं मोजमाप कसं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. तयार पट्ट्यातून छाप्याने चार चौरस इंचांच्या चकत्या पाडायच्या. कडेच्या वेगळ्या, मधल्या वेगळ्या, कारण विजेच्या कुंडात कडांवर कथील जास्त चढतं. चकती पुसून, वाळवून रासायनिक तराजूत तोलायची. मग अँटिमनी क्लोराइड घातलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायची. कथील विरघळून जातं आणि लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. बुडबुडे थांबले की चिमट्याने उचलायची, धुवायची, वर साचलेली काळी साय पुसायची, वाळवायची आणि पुन्हा तोलायची. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे कथील. पाव पौंडाच्या मालात एका चकतीवर दोन्ही बाजूंचं मिळून कथील निघे जेमतेम १४ मिलिग्रॅम. पुसताना बोट लागलं तरी आकडा हलणार. हे सगळं करायला समजा २० मिनिटं लागली आणि लाइन मिनिटाला ३०० मीटरने चालली, तर निकाल हाती येईपर्यंत ६ किलोमीटर पत्रा पुढे निघून गेलेला. शिवाय जी चकती मोजली ती नष्ट झाली; जो माल विकायचा तो मोजलाच गेला नाही.

ॲम्पिअरवरून हिशेब मांडता येत होता. फॅरेडेच्या नियमाने किती विजेला किती कथील हे ठरलेलंच असतं. पण थोडी वीज हायड्रोजन सोडण्यात वाया जाते, कथलाच्या कांबी झिजत जाऊन त्यांचं अंतर बदलतं, कुंडाचं तापमान घसरतं. कागदावरचा हिशेब आणि पत्र्यावरचं कथील यांची गाठ कुठेतरी प्रत्यक्ष घालून द्यावीच लागे.

ही गाठ घालणारी विद्या आली ती युद्धाच्या वेगळ्याच कामातून. वॉशिंग्टनच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीत हर्बर्ट फ्रीडमन युद्धकाळात गारगोटीचे स्फटिक कापण्याच्या खटपटीत होते. लष्करी रेडिओंना असे स्फटिक ढिगाने लागत आणि ते नेमक्या कोनात कापावे लागत. फ्रीडमननी क्ष-किरणांपुढे छायाचित्राच्या फिल्मऐवजी गायगर नळी ठेवली. फिल्म धुऊन वाळेपर्यंत थांबणं संपलं, काटा तिथल्या तिथे उत्तर देऊ लागला. मला हा बदल फार मोठा वाटतो. क्ष-किरण ही १८९५पासून मुख्यतः बघण्याची गोष्ट होती, इथून पुढे ती मोजण्याची झाली. १९४६मध्ये फ्रीडमन आणि त्यांचे सहकारी लाव्हर्न बर्क्स यांनी पातळ मुलाम्याची जाडी क्ष-किरणांच्या शोषणावरून कशी काढावी, यावर निबंध प्रसिद्ध केला. खालच्या धातूच्या स्फटिकांवरून परतणारे किरण वरच्या थरातून जाता-येता किती मंदावतात, त्यावरून थर ओळखायचा. हेच फ्रीडमन १९४९मध्ये जप्त केलेल्या जर्मन व्ही-२ रॉकेटमध्ये आपल्या नळ्या बसवून सूर्याचे क्ष-किरण मोजणार होते. मुलामा मोजणारा आणि सूर्य मोजणारा माणूस एकच, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

पुढचं पाऊल १९५०चं. जोन्स अँड लॉफलिन या पोलाद कंपनीतले रसायनतज्ज्ञ एच. एफ. बीगली यांनी पत्र्यावरच्या कथलासाठी क्ष-किरणांची पद्धत मांडली. तिचा पाया १९१३मध्ये हेन्री मोझली या तरुण इंग्रज संशोधकाने घातलेला. पुरेशा जोराचे क्ष-किरण आदळले की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण उलट फेकतं, आणि ही ऊर्जा त्याच्या अणुक्रमांकाबरोबर शिस्तीत वाढत जाते, हे मोझलीने दाखवलं. दोन वर्षांनी, वयाच्या २७व्या वर्षी, गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. लोखंडाचे असे किरण ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे. कारखान्यात या पद्धतीचं रूप असं: नळीचे किरण कथील भेदून खालच्या लोखंडापर्यंत पोचतात, लोखंड आपले किरण फेकतं, ते बाहेर पडताना पुन्हा कथलातून येतात आणि वाटेत थोडे अडतात. कथील जितकं जास्त तितका लोखंडाचा आवाज क्षीण. मोजायचं कथील, पण ऐकायचं लोखंडाला. पाव पौंडाच्या त्या नगण्य थरातसुद्धा लोखंडाचे शेकडा दहा-बारा किरण अडतात, म्हणजे फरक स्पष्ट पकडता येतो. चकती विरघळवायची नाही, खरवडायची नाही, आणि वरची बाजू नि खालची बाजू वेगवेगळी मोजता येते. आम्लात तोललेल्या चकत्यांशी ताडून एकदा कोष्टक बनवलं की झालं. पुढे हे यंत्र प्रयोगशाळेच्या टेबलावरून उठून थेट लाइनवर जाऊन बसलं.

दुसरा प्रवाह याच सुमारास टेनेसीतल्या ओक रिजमधून निघाला. अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी बांधलेल्या तिथल्या ग्रॅफाइट अणुभट्टीतून २ ऑगस्ट १९४६ रोजी पहिला नागरी किरणोत्सारी माल बाहेर पडला. तो होता चिमूटभर कार्बन-१४, आणि तो गेला सेंट लुइसच्या बर्नार्ड कर्करोग रुग्णालयाला. तिथून पुढे समस्थानिकं ही मागवून घेण्याची वस्तू झाली. कारखानदारांच्या नजरेत भरलं ते स्ट्रॉन्शियम-९०. अणुइंधनाच्या राखेत ते मुबलक सापडतं, दर २९ वर्षांनी निम्मं होतं म्हणजे पुष्कळ टिकतं, आणि बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, फेकतं. बॉस्टनची ट्रेसरलॅब, कोलंबसमध्ये १९५०ला निघालेली इंडस्ट्रियल न्यूक्लिऑनिक्स, इंग्लंडमधली एक्को, अशा कंपन्यांनी बीटा गेज बाजारात आणली. कागद, रबर, प्लास्टिक, सॅंडपेपर, चिकटपट्टी, जे जे पट्ट्याच्या रूपात पळतं त्या सगळ्याला ती लागली. इंडस्ट्रियल न्यूक्लिऑनिक्सने ती सिगारेटच्या यंत्रालाही लावली, तंबाखू सारखी भरली जाते का हे पाहायला.

बीटा गेजची रचना साधी आहे. पट्ट्याच्या एका बाजूला किरणोत्साराची सीलबंद डबी, दुसऱ्या बाजूला आयनीकरण कक्ष, म्हणजे वायूने भरलेलं एक धातूचं भांडं. पट्टा मधून जातो आणि काही इलेक्ट्रॉन अडवतो. उरलेले भांड्यातल्या वायूत ॲम्पिअरच्या अब्जांश भागांइतका विजेचा प्रवाह उठवतात. खरी गंमत पुढे आहे. इलेक्ट्रॉनला अडवतात ते पदार्थातले इलेक्ट्रॉन, आणि ग्रॅमला किती इलेक्ट्रॉन हे प्रमाण बहुतेक पदार्थांत जवळपास सारखं असतं. त्यामुळे हे यंत्र जाडी मोजतच नाही, ते चौरस मीटरचं वजन मोजतं. कागद फुगीर असो की दाबलेला, तेवढ्या चौरस मीटरचं वजन तेच असेल तर काटा तिथेच थांबतो. कागदाच्या धंद्यात सगळे ज्याला जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागचे ग्रॅम, म्हणतात ते नेमकं हेच. हायड्रोजन तेवढा अपवाद. त्याच्यात ग्रॅममागे दुप्पट इलेक्ट्रॉन असतात, म्हणून पाण्याचा अंश वाढला की हिशेबात दुरुस्ती करावी लागते.

यंत्र इतकं नाजूक की हवेचंही वजन त्यात येतं. डबी आणि कक्ष यांच्यात एक सेंटिमीटर हवा असली तर तीच १२ जीएसएमची भरते. कागदावर चढवायचा चिकणमातीचा लेप असतो १० जीएसएम. म्हणजे मोजायच्या वस्तूपेक्षा मधली मोकळी जागा वजनदार! दुपारी शेडमधली हवा १० अंशांनी तापली की प्रत्येक सेंटिमीटरमागे ०.४ जीएसएम आपोआप घटतात, आणि लेप कमी झाल्याचा भास होतो. म्हणून गेजच्या डोक्यात तापमापक बसवावे लागले, आणि दर काही मिनिटांनी ते डोकं पट्ट्याच्या बाहेर नेऊन मोकळ्या हवेवर शून्य जुळवायची पद्धत पडली.

लेपाचं वजन काढणं कागदात आणखी अवघड, कारण बीटा गेज लेप आणि कागद वेगळे ओळखत नाही. म्हणून दोन गेज लावतात: एक लेप चढण्याआधी, एक चढून वाळल्यावर. मोठ्या वजनातून मोठं वजन वजा करायचं आणि उरलेलं लहान वजन म्हणजे लेप. आता आधीचा कागद ८० जीएसएमचा, नंतरचा ९०चा आणि प्रत्येक गेजची चूक ०.३ टक्क्यांची धरली, तर १० जीएसएमच्या लेपावर ती चूक जवळपास ४ टक्के होऊन बसते. त्यात दोन्ही गेज पट्ट्यावर आडवे फिरत असतात. पहिल्याने जी जागा पाहिली तीच दुसऱ्याने पाहिली नाही तर वजाबाकीला अर्थ उरत नाही. दुसरं गेज पहिल्याच्या मागोमाग, बरोबर त्याच जागेवर आणण्याची कसरत संगणक आल्यावरच साधली. इंडस्ट्रियल न्यूक्लिऑनिक्समध्ये काम केलेल्या डेव्हिड बॉसन यांनी १९६८मध्ये कॅलिफोर्नियात मेझरेक्स काढली, आणि गेज, संगणक नि कागदाचं यंत्र एकमेकांना जोडून विकणं हाच तिचा धंदा झाला.

धातूच्या पत्र्यावरचा मुलामा आरपार मोजायची सोय नव्हती, म्हणून तिथे दुसरी वाट काढली. बीटा कण जड अणूंवर आदळले की जास्त प्रमाणात उलटे फिरतात. लोखंडाचा अणुक्रमांक २६, कथलाचा ५०. त्यामुळे लोखंडावर कथील चढलं की परतणाऱ्या कणांची संख्या वाढते, आणि डबी नि मोजणारी नळी एकाच बाजूला ठेवून काम होतं. ट्रेसरलॅबच्या लोकांनी १९५१च्या सुमारास ही रीत मांडली. पण लोखंडी पत्र्यावर असाच मुलामा म्हणून चढवतात त्या जस्ताचा अणुक्रमांक ३०. लोखंडाच्या इतक्या जवळ की परतणारे कण दोघांत फारसा भेद करत नाहीत. जस्ताच्या पत्र्यासाठी म्हणून पुन्हा मोझलीच्याच वाटेने यावं लागलं: जस्ताचे स्वतःचे किरण ८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, लोखंडाचे ६.४चे, दोन्ही वेगळे काढता येतात.

या यंत्रांभोवती राजकारणही होतं. ८ डिसेंबर १९५३ला आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत ‘शांततेसाठी अणू’ची घोषणा केली, आणि ऑगस्ट १९५५मध्ये जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर पहिली जागतिक परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. परिषदेच्या छापील वृत्तांतात एक संपूर्ण खंड समस्थानिकांच्या संशोधनातल्या आणि उद्योगातल्या उपयोगांचा आहे. वीज देणाऱ्या अणुभट्ट्या तेव्हा बव्हंशी कागदावर होत्या. कारखान्यात रोजचं काम करणारा, पैसे वाचवणारा अणू दाखवायचा तर तो या गेजमध्येच दाखवता येत होता. त्यांचं कौतुक झालं त्यात प्रचाराचा भाग नक्की होता. पण वाचलेलं कथील आणि वाचलेला कागद खरा होता.

त्या कौतुकाची दुसरी बाजू लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. कारखान्यात सीलबंद डबीत बसलेलं स्ट्रॉन्शियम-९० त्याच वर्षांत हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांमधून आभाळात उडत होतं, पावसाबरोबर गवतावर उतरत होतं, गाईच्या दुधातून मुलांच्या हाडांत जात होतं. शरीर त्याला कॅल्शियमच समजतं. ओक रिजचा पहिला माल ज्या शहरात गेला होता त्याच सेंट लुइसमध्ये १९५८च्या अखेरीस नागरिकांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. आयांनी लाखो दात पाठवले. त्यात स्ट्रॉन्शियम-९० वाढत असल्याचं मोजून दाखवलं गेलं, आणि १९६३च्या अणुचाचणीबंदी करारामागे उभ्या राहिलेल्या लोकमताला या दातांनी मोठं बळ दिलं. एका मूलद्रव्याची ही दोन रूपं एकाच दशकातली आहेत, आणि दोन्ही ठिकाणी शेवटी उपयोगी पडलं ते नीट केलेलं मोजमाप.

जिनिव्हानंतर वर्षभरात, ४ ऑगस्ट १९५६ला, मुंबईत तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. देशात समस्थानिकं बनू लागली, १९६०ला सायरस ही अणुभट्टी आल्यावर ती मोठ्या प्रमाणावर बनू लागली. मुंबईतच १९८३मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. कारखान्यातलं प्रत्येक किरणोत्सारी गेज आज त्याच्या नोंदीत असतं: डबी कुठून आली, कुठे बसली, आयुष्य संपल्यावर कुणाकडे परत गेली. गेज हाताळणाऱ्याच्या छातीवर डोस मोजणारा बिल्ला असतो आणि जबाबदारी घेणारा प्रशिक्षित सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. हा सोपस्कार वाटत असेल त्यांनी १९९८ची घटना आठवावी. स्पेनच्या दक्षिणेला एका पोलाद कारखान्यात भंगाराबरोबर सीझियमची एक डबी भट्टीत वितळली आणि तिचा ढग फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, जर्मनीपर्यंत टिपला गेला. २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेल्या कोबाल्ट-६०ने एका कामगाराचा जीव घेतला. ही दोन्ही मुलामा मोजणारी गेज नव्हती. पण सीलबंद डबी नजरेआड झाली की काय होतं, हे दोन्हींनी दाखवलं. आता अनेक नव्या लाइनी किरणोत्सारी डबीऐवजी क्ष-किरणांची नळी घेतात, बटण बंद केलं की किरण बंद, आणि मला हा बदल योग्य वाटतो.

आपल्या रोजच्या आयुष्याला ही कथा भिडते ती जस्ताच्या पत्र्यात. तादेउश सेंडझिमिर या पोलिश अभियंत्याने १९३०च्या दशकात पत्र्याचा अखंड पट्टा जस्तात बुडवून काढण्याची रीत बसवली, आधी पोलंडमध्ये आणि मग अमेरिकेत. पट्टा भट्टीतून तापून येतो, सुमारे ४६० अंशांच्या जस्ताच्या कढईत शिरतो आणि सरळ उभा वर निघतो. पूर्वी जास्तीचं जस्त रूळ निपटत, १९६०च्या दशकापासून ते काम हवेच्या सुरीकडे गेलं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आडवी, केसासारखी अरुंद फट. तिच्यातून दाबाने निघणारा हवेचा झोत ओलं जस्त खाली ढकलतो. दाब वाढवला की थर पातळ, फट पट्ट्यापासून लांब नेली की जाड. ठाणे जिल्ह्यातलं वाशिंद, पालघरमधलं तारापूर, रायगडमधलं खोपोली, इथल्या लाइनींवर हाच खेळ रात्रंदिवस चालतो.

पण मोजणारं गेज सुरीला चिकटून बसवता येत नाही. तिथे जस्त ओलं असतं आणि पट्टा थरथरत असतो. पट्टा वर निववण्याच्या मनोऱ्यात जातो, वळून खाली येतो, पाण्यातून जातो आणि मग गेजखाली येतो. मधे १२० मीटर पट्टा असला आणि वेग मिनिटाला १२० मीटर असला, तर ऑपरेटरला दिसतो तो एक मिनिटापूर्वीचा थर. त्याने घाईने दाब बदलला, काटा हलला नाही म्हणून पुन्हा बदलला, की मिनिटभराने दोन्ही बदल एकदम अंगावर येतात. यातून सुटायला कारखाने थर मुद्दाम थोडा जास्तच ठेवत. पट्टा १.२ मीटर रुंद आणि चौरस मीटरला फक्त ५ ग्रॅम जस्त जास्त, असा हिशेब केला तर मिनिटाला ७२० ग्रॅम, म्हणजे दिवसाला टनभर जस्त फुकट जातं. काही ठिकाणी कढईच्या जवळच एक ‘हॉट गेज’ बसवतात, काही ठिकाणी संगणक पट्ट्याचा वेग, दाब आणि अंतर यांवरून थराचा आगाऊ अंदाज बांधतो आणि पुढे आलेल्या खऱ्या आकड्यावरून स्वतःला सुधारतो. टनभर जस्त वाचतं ते अशाने.

या सगळ्या खटाटोपाचं फळ म्हणजे पत्र्यावर छापलेला एक आकडा. आयएस २७७ या भारतीय मानकात जस्ताच्या मुलाम्याचे दर्जे चौरस मीटरमागच्या ग्रॅमवर ठरतात: १२०, १८०, २७५ वगैरे. तो आकडा दोन्ही बाजूंचा मिळून असतो. १२० म्हणजे दर बाजूला ६० ग्रॅम, जेमतेम ८ मायक्रॉन जस्त. २७५ म्हणजे सुमारे १९ मायक्रॉन. एकाच हवेत पत्रा किती वर्षं गंजापासून वाचेल हे जवळपास याच जाडीच्या प्रमाणात ठरतं, आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत जस्त फार लवकर झिजतं. तरी बाजारात पत्रा विकला जातो तो जाडीवर आणि किलोवर. ०.५० मिलिमीटरचा आहे, दणकट आहे, असं सांगितलं जातं; पण ती जाडी बहुतेक सगळी लोखंडाची, आणि गंजतं ते लोखंडच. पुढच्या वेळी गोठ्याला, पडवीला किंवा गच्चीवरच्या शेडला पत्रा घ्याल तेव्हा जस्त किती जीएसएम आहे हे विचारा, पत्र्यावरचा किंवा कॉइलच्या प्रमाणपत्रावरचा आकडा पाहा, आणि समुद्राजवळ राहत असाल तर १२०च्या पत्र्यावर पैसे घालू नका.